कुलूच्या खोऱ्यातील फळ्यांच्या भिंती

हिमालयात जाणारा प्रवासी बहुधा वर पाहत चालतो. बर्फाच्छादित शिखरे, त्यांच्यावर रेंगाळणारे ढग आणि सायंकाळी त्यांच्यावर चढणारी लाली यांनी त्याचे डोळे असे भरून जातात की, वाटेवरच्या घराकडे पाहण्यास त्याला सवड राहत नाही. वस्तुतः एखाद्या प्रदेशाचा स्वभाव समजून घ्यावयाचा, तर तेथील माणसाने आपल्या डोक्यावर कसले छप्पर घातले आहे आणि थंडीवाऱ्याच्या तोंडावर कसली भिंत उभी केली आहे, हे आधी पाहावे. डोंगर निसर्गाने घडविलेला असतो. भिंत माणसाने विचारपूर्वक निवडलेली असते. त्या निवडीत पिढ्यान्‌पिढ्यांची काटकसर असते आणि पाऊस, बर्फ, भूकंप यांच्याशी झालेल्या झगड्याचा अनुभवही असतो.

हिमाचल प्रदेशातील कुलूचे खोरे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बियास नदी, म्हणजे आपल्या प्राचीन ग्रंथांतील विपाशा, या खोऱ्यातून उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. कुलूहून मनालीस जाणारा मोठा रस्ता नदीच्या उजव्या तीराने जातो व बहुतेक प्रवासी तोच धरतात. परंतु ज्याला घाई नाही त्याने डाव्या तीराचा जुना रस्ता धरावा. तो अरुंद आहे, वळणावळणाचा आहे आणि सफरचंदांच्या बागांतून, ओढ्यांवरून, गावांच्या अगदी दारावरून जातो. या वाटेवर, कुलू आणि मनाली यांच्या साधारण मध्यावर, सुमारे अठराशे मीटर उंचीवर नग्गर हे गाव वसलेले आहे. राजधानी सुलतानपुरास, म्हणजे आजच्या कुलू शहरात, जाईपर्यंत कुलूच्या राजांची गादी येथेच होती. पुढे १९२८ साली रशियन चित्रकार निकोलस रोरिक येथे येऊन राहिला व १९४७ साली येथेच त्याने देह ठेवला. त्याच्या चित्रांसाठी अनेक लोक नग्गरला येतात. जी घरे पाहत तो रोज डोंगर उतरत असेल, ती मात्र फार थोडे लोक पाहतात.

या घरांची मांडणी एका दृष्टिक्षेपात ध्यानात येते. खालचा मजला दगड आणि लाकूड यांच्या आळीपाळीने रचलेल्या थरांचा, जाड आणि जवळजवळ बिनखिडक्यांचा. तेथे गुरे बांधतात, गवत आणि सरपण साठवितात. वरचा मजला लाकडाचा. तो खालच्या भिंतीच्या बाहेर हात-दोन हात पुढे आलेला असतो व त्याची बाहेरील बाजू फळ्यांनी बंद केलेली असते. त्यावर पाटीच्या दगडाचे जड छप्पर. माणसे वर राहतात, जनावरे खाली, आणि जनावरांची ऊब फटींतून वर येते. दुरून पाहिले तर भक्कम दगडी जोत्यावर एखादी मोठी लाकडी पेटी ठेवावी, तसे हे घर दिसते.

खालच्या भिंतीच्या या रचनेस येथे काठकुणी म्हणतात. काठ म्हणजे लाकूड आणि कुणी म्हणजे कोपरा. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या अंगास देवदाराची एक एक लांब तुळई आडवी ठेवावयाची, मधूनमधून आडव्या लाकडांनी त्या दोहोंना जखडावयाचे, मधली पोकळी दगडांनी भरावयाची, त्यावर घडीव दगडांचा थर आणि पुन्हा तुळया. कोपऱ्यात दोन्ही भिंतींच्या तुळया एकमेकींवर येतात. चुना नाही, माती नाही, सिमेंट तर नाहीच. कोरड्या दगडांची ही भिंत धरणीकंपात थोडी हलते, डुलते आणि पुन्हा जागेवर बसते. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्याच्या परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे वीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. नग्गरचा जुना राजवाडा, जो याच पद्धतीने बांधलेला आहे, तो मात्र त्या दिवशी उभा राहिला व आजही उभा आहे. त्याच्या सज्जात उभे राहून खालचे खोरे पाहणारा प्रवासी अनेक शतके जुन्या लाकडावर पाय देऊन उभा असतो.

काठकुणीच्या भिंतीविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. वरच्या मजल्यावरील फळ्यांच्या भिंतीविषयी त्या मानाने कोणी फारसे बोलत नाही. वजनाच्या दृष्टीने ती क्षुल्लक आहे. तिच्यावर छप्पराचा भारही नसतो, तो खांबांवर असतो. पण घरात राहणाऱ्यांचे सुखदुःख तिच्यावरच अवलंबून असते. पौषातला वारा तिने अडवावयाचा, श्रावणातली झड तिने अंगावर घ्यावयाची, माघातले बर्फ छपरावरून घसरून तिच्या पायाशी साचते ते तिने सोसावयाचे. घराचा सांगाडा दोनशे वर्षे टिकेल. फळ्या मात्र चुकीच्या निवडल्या तर दहा वर्षांतच हाताने भुगा होतील अशा कुजतात. आणि आजच्या दिवसांत त्या बदलणे सोपे राहिलेले नाही.

नग्गरच्या वरच्या अंगास असलेल्या एका घरी आमचा चार दिवस मुक्काम होता. आश्विन संपत आला होता, सफरचंदांचा हंगाम आटोपत होता आणि घराच्या दरीकडील बाजूस वरच्या मजल्याला जोडून एक नवी खोली उभी राहत होती. घरच्या वृद्ध आजीबाईंचा नातू शहरातील नोकरी सोडून बाग पाहण्यासाठी पत्नीसह परत आला होता. जुन्या घरात जागा नव्हती. बर्फ पडण्यापूर्वी उबदार खोली तयार झाली नाही, तर त्या जोडप्याला कुलू शहरात भाड्याने राहावे लागणार होते. आणि एकदा शहरात संसार थाटला की माणूस पुन्हा डोंगर चढत नाही, हे आजीबाईंनी गावातल्या अनेक घरांच्या बाबतीत पाहिले होते. खांब उभे होते, तुळया बसल्या होत्या, छप्पर पडले होते. भिंतीला काय लावावयाचे, एवढाच प्रश्न उरला होता. आणि त्यावर घरात रोज संध्याकाळी चुलीभोवती खल चालला होता.

नातवाचे म्हणणे नालीदार पत्रा लावावा. तो स्वस्त, दोन दिवसांत होणारा. आजीबाई म्हणत, “पत्र्याच्या आत थंडीचे दिवस काढून पाहा. आतल्या बाजूला दव सुटते आणि ते अंथरुणावर गळते.” दुसरा पर्याय विटा आणि सिमेंट. परंतु पुढे आलेल्या लाकडी तुळयांवर विटांचे वजन टाकणे म्हणजे भूकंपाला आमंत्रण देणे होय. तेव्हा लाकूडच ठरले. आता कोणते लाकूड, किती आणि कोठे, हा खरा प्रश्न होता. याचे उत्तर देण्यास आले गावचे थावी. सुतारकी आणि गवंडीकाम दोन्ही वंशपरंपरेने करणाऱ्या कारागिरांना या खोऱ्यात थावी म्हणतात.

कुलूच्या जंगलांत बांधकामाच्या उपयोगाची सूचिपर्णी झाडे मुख्यतः चार. देवदार, कैल, राई आणि तोश. देवदार हा देवांचा वृक्ष; दारु म्हणजे लाकूड, म्हणून देवदारु. त्याच्या गाभ्यात सुगंधी तेल असते व त्या तेलामुळे बुरशी आणि वाळवी त्यापासून दूर राहतात. कैल हा पाइनच्या जातीचा वृक्ष असून त्याचे लाकूड हलके, सरळ रेषेचे आणि रंध्याखाली सहज येणारे असते. टिकाऊपणात त्याचा क्रम देवदाराच्या खाली लागतो. राई म्हणजे स्प्रूस आणि तोश म्हणजे फर. ही दोन्ही लाकडे पांढरट, मऊ आणि उघड्यावर लवकर कुजणारी. एके काळी या खोऱ्यातील सफरचंदे देशभर जात, ती याच लाकडांच्या पेट्यांतून. पेटी एक हंगाम टिकली की तिचे काम झाले. भिंतीचे तसे नाही.

लाकडाचा टिकाऊपणा हा केवळ ऐकीव विषय नाही. डेहराडून येथील वन संशोधन संस्थेत, जिची स्थापना १९०६ साली झाली, लाकडांची एक विलक्षण परीक्षा घेतात. निरनिराळ्या जातींच्या लाकडांचे साठ सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर जाडीचे चौकोनी खुंट उघड्या जमिनीत पुरून ठेवतात आणि ते किती महिन्यांत कुजतात वा वाळवी खाते याची नोंद ठेवतात. या आवाराला तेथे लाकडांचे स्मशानच म्हणतात. सरासरी एकशेवीस महिने किंवा त्याहून अधिक टिकणारे लाकूड पहिल्या वर्गाचे, साठ ते एकशेवीस महिने टिकणारे दुसऱ्या वर्गाचे आणि साठ महिन्यांच्या आत संपणारे तिसऱ्या वर्गाचे. देवदाराचा गाभा पहिल्या वर्गात बसतो, राई आणि तोश तिसऱ्यात. परंतु ही परीक्षा ओल्या मातीत पुरलेल्या खुंटाची आहे, हे विसरता कामा नये. जमिनीपासून उंच, छपराखाली असलेल्या फळीचे आयुष्य त्याच्या कितीतरी पट असू शकते. शिवाय हा गुण गाभ्याचा आहे. सालीलगतचे फिकट, कच्चे लाकूड देवदाराचे असले तरी ते इतर कोणत्याही मऊ लाकडाइतकेच लवकर जाते. देवदार म्हणून घेतलेल्या फळीची एक कड पांढरी असेल, तर ती कड म्हणजे देवदाराच्या नावाखाली घेतलेली ठकबाजी होय.

मग सगळी भिंत देवदाराच्या गाभ्याचीच का करू नये? नातवाने हा प्रश्न विचारला तेव्हा आजीबाई हसल्या. त्यांच्या लहानपणी घर बांधावयाचे म्हणजे जंगलातून हवे ते झाड मिळत असे. कुलूच्या जंगलांची सीमाआखणी आणि हक्कनोंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली; अँडर्सन या अधिकाऱ्याचा त्यासंबंधीचा अहवाल १८८६ सालचा आहे. त्या नोंदीप्रमाणे जमीनधारक गावकऱ्यांना घर बांधण्यास व दुरुस्त करण्यास नाममात्र किमतीत झाडे मिळत. या हक्काला लोक आजही ‘टीडी’ म्हणतात. परंतु माणसे वाढली, जंगले विरळ झाली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील वृक्षतोडीवर कडक बंधने घातली, आणि हिमाचलात २०१३ साली या हक्काचे नवे नियम झाले. आता लाकूड मोजून मिळते, ठराविक वर्षांच्या अंतराने मिळते आणि जुन्या किमतीला मिळत नाही. बाकी लागेल ते वन महामंडळाच्या डेपोतून बाजारभावाने घ्यावयाचे. अशा वेळी एका खोलीच्या भिंतीवर सगळा हक्क खर्च केला, तर उद्या छपराची तुळई मोडल्यास हात रिकामे राहणार. शिवाय देवदाराचे झाड वाढण्यास माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात. आजीबाई म्हणाल्या, “झाड माझ्या आजेसासऱ्यांनी पाहिलेले असते. ते आपण एका हिवाळ्यासाठी कापावयाचे, तर निदान नातवाच्या नातवापर्यंत पुरेल असे लावावे.”

थावींनी बोलण्यापूर्वी जुने घर सगळीकडून फिरून पाहिले. त्यांनी आम्हाला एक गोष्ट दाखविली, ती सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याच घराच्या पाठीमागील बाजूस, रुंद वळचणीखाली, कैलच्या साध्या फळ्या होत्या. त्या घरातल्या कोणाच्याही आठवणीच्या आधीच्या. रंगाने काळसर पण ठोठावल्या तर खणखणीत वाजणाऱ्या. आणि दरीकडील कोपऱ्यात, जेथे छपराची पाटी फुटून पाणी वर्षानुवर्षे एकाच जागी ठिबकत होते, तेथे देवदाराची फळी बोटाने दाबली तर आत जात होती. “लाकूड देवदाराचे आहे की कैलचे, हे पाणी विचारत नाही,” थावी म्हणाले. “आत शिरलेले पाणी बाहेर पडण्यास वाट मिळाली की नाही, एवढेच ते पाहते.”

या बोलण्यामागे शास्त्र आहे. बुरशीला जगण्यासाठी ओलावा लागतो. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या शंभरात वीस भागांपेक्षा कमी पाणी लाकडात असेल, तर कुजविणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. पावसाने भिजलेली फळी दोन दिवसांत वाळली तर तिला काही होत नाही. तीच फळी मागच्या बाजूने बंद, खालून ओल शोषणारी, सांध्यात पाणी धरून बसणारी असेल, तर ती कुजणारच. टिकाऊ लाकूड घेणे म्हणजे चुकीला थोडी अधिक मुदत मिळविणे होय. चूक न करणे हे त्याहून स्वस्त पडते.

थावींनी सांगितलेली रीत येथे क्रमाने देतो. कारण तिचा उपयोग कुलूबाहेरही होण्यासारखा आहे. पहिली गोष्ट छपराची. वळचण भिंतीपासून निदान दोन फूट पुढे आली पाहिजे, म्हणजे पागोळ्यांचे पाणी फळ्यांवर पडत नाही. दुसरी गोष्ट पायाची. सर्वांत खालची फळी जमिनीपासून, किंवा जेथे बर्फ साचते त्या गच्चीपासून, सहा ते आठ इंच वर असावी. खाली आपटून उडणारे पाणी जेवढे लाकूड खाते, तेवढे वरून पडणारे खात नाही. तिसरी गोष्ट वाळवणाची. ओल्या फळ्या ठोकल्या तर त्या भिंतीवरच वाळतात, आकसतात आणि फटी पडतात. म्हणून चिरलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचून काही महिने वाळवाव्या. झाडाच्या वाढीच्या वलयांच्या दिशेने लाकूड जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. त्यामुळे ओंडका कसा चिरला यावर फळी सपाट राहील की पन्हळीसारखी वाकेल, हे ठरते. आडव्या भिंतीसाठी वलये फळीच्या पृष्ठाशी उभी येतील अशी चीर सर्वांत चांगली.

चौथी गोष्ट जोडणीची. आडव्या फळ्या लावावयाच्या तर वरची फळी खालचीवर इंच-सव्वा इंच चढवावी आणि खिळा असा मारावा की, तो एकाच फळीतून जाईल, खालच्या फळीच्या वरच्या कडेला मात्र भोसकणार नाही. दोन्ही फळ्या एका खिळ्याने जखडल्या तर ऋतुमानाप्रमाणे लाकूड फुगते-आकसते तेव्हा ती चिरते. उभ्या फळ्या लावल्या तर दोन फळ्यांमधील सांध्यावर बाहेरून अरुंद पट्टी मारावी. पाचवी गोष्ट हवेची. फळ्या थेट आतल्या तक्तपोशीवर न ठोकता मध्ये पाऊण इंचाच्या पट्ट्या द्याव्यात; त्या पोकळीतून हवा खालून वर जाते आणि फळी दोन्ही अंगांनी वाळते. सहावी गोष्ट टोकांची. फळीच्या कापलेल्या टोकातून पाणी तिच्या पृष्ठापेक्षा कितीतरी वेगाने आत शिरते. म्हणून ठोकण्यापूर्वी प्रत्येक टोकाला तेल किंवा रंग भरपूर पाजावा. आणि खिळे जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्यावे. गंजणारा खिळा आपल्याभोवतीचे लाकूडही कुजवितो आणि भिंतीवर काळे ओघळ सोडतो.

हे सर्व ठरल्यावर हिशेब सोपा झाला. खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद. तिच्या तीन भिंती बाहेर, उंची आठ फूट. म्हणजे भिंतीचे क्षेत्रफळ दोनशेछप्पन्न चौरस फूट. बाजूंच्या दोन भिंतींतील खिडक्या-दारांचे छत्तीस चौरस फूट वजा केले, तर दोनशेवीस राहिले. फळ्या एकमेकींवर चढविण्यासाठी पाचवा हिस्सा आणि तुटफुटीसाठी दहावा हिस्सा वाढविला, तर दोनशेनव्वद. एक इंच जाडीने सुमारे चोवीस घनफूट लाकूड. यांपैकी दरीकडील बारा फुटांच्या भिंतीवर पाऊस आणि वारा सरळ आदळतो, तिला देवदाराचा गाभा. बाजूच्या दोन भिंतींचे खालचे दोन फूट, जेथे बर्फ साचते, तेही देवदाराचे. असे देवदार पंधरा घनफूट लागले. बाकीचे नऊ घनफूट, वळचणीच्या आश्रयाखालचे, कैलचे. शिवाय जुन्या सज्जाच्या काढून ठेवलेल्या फळ्या गोठ्याच्या माळ्यावर पडून होत्या. त्यांच्या कुजलेल्या कडा कापून टाकल्यावर देवदाराची जवळजवळ अर्धी गरज त्यांतूनच भागली. शंभर वर्षे वाळलेले लाकूड आता आणखी आकसत नाही, आणि त्याला किंमतही पडत नाही. नवे मागावयाचे देवदार अगदी थोडे उरले.

कैलला काही औषध लावावे का, हा पुढचा विचार. लाकूड टिकविण्याच्या औषधांच्या इतिहासात आपल्या देशाचे एक मोठे स्थान आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. १९३३ साली डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या सोंटी कामेशम यांनी तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे असे मिश्रण शोधून काढले की, ते लाकडात एकदा भिनले की पावसाने धुऊन जात नाही. ‘आस्कू’ या नावाने ते प्रसिद्ध झाले आणि पुढे जगभर तारांचे खांब, कुंपणे, घरे यांसाठी वापरले गेले. अमेरिकेतील लक्षावधी घरांच्या ओसऱ्या याच भारतीय शोधाच्या आधारावर उभ्या राहिल्या. परंतु आर्सेनिक हे विष आहे. ते लाकडातून थोडे थोडे झिरपते, आणि असे लाकूड जाळले तर धुरात व राखेत उतरते. म्हणून तेथे २००३ सालाच्या अखेरीपासून राहत्या घरांसाठी त्याचा वापर बंद करण्यात आला. मुलाबाळांच्या हाताला लागणाऱ्या भिंतीसाठी, आणि जेथे लाकडाचा प्रत्येक तुकडा शेवटी चुलीत जातो अशा घरासाठी, ते योग्य नव्हे.

त्याऐवजी बोरिक आम्ल आणि टाकणखार यांचे पाण्यातील द्रावण सौम्य आणि स्वस्त असते. ओल्या फळ्या त्यात बुडवून झाकून ठेवल्या की ते हळूहळू आत पसरते व बुरशी आणि कीड दोहोंपासून रक्षण करते. त्याचा दोष एवढाच की, उघड्या पावसात ते धुपून जाते. म्हणून ते वळचणीखालच्या कैललाच वापरावे व वरून जवसाच्या तेलाचा किंवा रंगाचा हात द्यावा, आणि तो दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावा. देवदाराला मात्र रंग देण्याच्या भरीस पडू नये. त्याच्या अंगचे तेल रंगाला धरू देत नाही. विशेषतः गाठींपाशी तो सुटतो. तो उघडाच ठेवावा. काही वर्षांत तो प्रथम करडा आणि मग काळपट होतो, आणि तो रंग या खोऱ्यातल्या दगडांशी जुळतो.

लाकडी घराची एक बाजू मात्र लपवून चालणार नाही. ती म्हणजे आगीची भीती. जानेवारी २००८ मध्ये याच जिल्ह्यातील मलाणा गावात आग लागली आणि गावाचा मोठा भाग व तेथील मंदिरे जळून गेली. दाट वस्ती, गवताचे साठे आणि उघडी चूल यांमुळे एका घराची ठिणगी साऱ्या गावाची होते. देवदाराचे तेल किड्याला रोखते. ज्वाळेला ते रोखत नाही. म्हणून नव्या खोलीत विजेच्या तारा नळीतून नेणे, धुराडे फळ्यांपासून दूर ठेवून भोवती पत्रा आणि मातीची पोकळी देणे आणि गवत घरापासून वेगळे साठविणे, हा फळ्यांच्या निवडीइतकाच आवश्यक भाग आहे. आजीबाईंच्या घरी त्याच सुमारास गवताची गंजी अंगणाच्या पलीकडे हलविली गेली.

मराठी वाचकाला या सर्वांत अपरिचित असे फारसे काही वाटू नये. आपल्या कोकणात देवदार नाही. तेथे ऐन, किंजळ, फणस आणि परवडेल त्याला साग. पण पावसाशी करावयाचा व्यवहार तोच आहे. रुंद पाखे, उंच जोते, भोवतालची पडवी आणि मृगापूर्वी पडवीच्या वाऱ्याच्या बाजूला बांधलेले झावळ्यांचे झाप, ही कुलूच्या पुढे आलेल्या छपराची आणि फळ्यांच्या भिंतीची भावंडेच होत. जी वस्तू स्वस्त आहे व दरवर्षी बदलता येते ती पावसाच्या तोंडी द्यावी, मोलाची वस्तू तिच्या आड ठेवावी, ही दृष्टी दोन्हीकडे सारखी आहे. कुलूत मोलाचे लाकूडच तोंडी द्यावे लागते, कारण तेथे बर्फ आहे. म्हणून ते लागेल तेथेच आणि लागेल तेवढेच द्यावयाचे.

आज डोंगराळ मुलखात सर्वत्र सिमेंटचे चौकोन उभे राहत आहेत. ते बांधणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. लाकूड दुर्मिळ आहे, थावींची संख्या घटली आहे आणि पत्रा दुकानात मिळतो. परंतु अनेकांनी लाकूड सोडले ते ‘देवदार परवडत नाही’ एवढ्याच कारणाने. त्यांच्यापुढे सगळा देवदार किंवा काहीच नाही, असे दोनच पर्याय होते. मधला पर्याय जुन्या घरांच्या भिंतींवरच लिहिलेला आहे. पाऊस कोठे लागतो ते पाहावे; तेथे चांगले लाकूड, इतरत्र साधे; जुने वापरात आणावे; फळीला वाळण्यास वाट ठेवावी. एवढे केले तर एका झाडात दोन घरांच्या भिंती होतात, आणि उरलेले झाड जंगलात उभे राहते. नग्गरच्या त्या घरी पहिल्या बर्फाच्या आधी भिंत पुरी झाली, आणि नवे जोडपे त्या हिवाळ्यात डोंगरावरच राहिले.